पगार कोणत्या पैशातून? छोट्या आरोग्य संस्थेसाठी सीएसआर, सरकारी अनुदान आणि गावची देणगी

तालुक्याच्या गावी काम करणारी एखादी संस्था डोळ्यापुढे आणा. दोन परिचारिका, एक समुपदेशक, गावोगाव फिरणाऱ्या पाच-सहा आरोग्यसेविका आणि हिशेब बघणारा एक जण, तोही अर्धवेळ. रक्तदाब-साखरेची तपासणी, अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटबैठका असं काम. याला यंत्रं फारशी लागत नाहीत. पैसा जातो तो पगार, मानधन आणि एसटी-पेट्रोलमध्ये. आणि नेमक्या याच खर्चाला पैसे देताना भल्याभल्यांचा हात आखडतो.

म्हणून निधी कुठून मागायचा हे ठरवताना ‘किती मिळतील’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. आधी दोन गोष्टी बघायच्या. हा पैसा पगाराला चालतो का? आणि एप्रिल ते ऑगस्ट, जेव्हा जुना हप्ता संपलेला आणि नवा मंजूर झालेला नसतो, तेव्हा तो खात्यात असतो का?

सीएसआर: रक्कम मोठी, घड्याळ कंपनीचं

कंपनी कायदा 2013 चं कलम 135 सांगतं की आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा कंपनीने गाठला तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. हाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कोणत्या कामांवर हा पैसा खर्चता येतो ते याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये आहे, आणि आरोग्य त्या यादीत आहेच. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायद्यात म्हटलं आहे. तुमच्या तालुक्याला लागून एमआयडीसी असेल, तर हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आलं पाहिजे.

बहुतेक संस्था मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या मागे लागतात. तिथे सीएसआर विभाग, सल्लागार संस्था, पोर्टल आणि तुमच्यासारखे असंख्य अर्ज असतात. ज्या कंपनीची वर्षाची सीएसआर रक्कम 50 लाखांच्या आत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. अशा मध्यम कारखान्याच्या मालकाला एकदा गावात आणून तुमच्या ताईंचं काम दाखवलं, की निम्मा प्रस्ताव तिथेच झाला. छोट्या संस्थेने सीएसआर मागायचाच तर इथून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पात्रतेच्या अटी ठरलेल्या आहेत. आयकर कायद्याखालची 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करात वजावट) ची नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून मिळालेला क्रमांक (1 एप्रिल 2021 पासून हा लागतोच) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. काल नोंदवलेल्या संस्थेला हा दरवाजा बंद आहे.

आता पगाराचं. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च फक्त 5 टक्के चालतो’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येईल. नियम खरा आहे, पण तो कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखण्याचा, चालवण्याचा आणि त्यावर देखरेखीचा थेट खर्च त्या 5 टक्क्यांत मोजायचा नसतो. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेचा पगार हा प्रशासकीय खर्च नव्हेच, तोच प्रकल्प आहे. तेव्हा अंदाजपत्रकात ‘वेतन’ असं एकच गठ्ठा शीर्षक देऊ नका. ‘गृहभेटी: दोन परिचारिका, दरमहा इतक्या भेटी’ असं लिहा. समोरच्या अधिकाऱ्यालाही वर उत्तर देणं सोपं जातं.

दुसरी अडचण मार्चची. एका वर्षापुरत्या मंजूर प्रकल्पाची रक्कम कंपनीने वर्षात खर्च केली नाही, तर आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ती परिशिष्ट सातमधल्या एखाद्या सरकारी निधीत भरावी लागते. त्यामुळे वर्षभर शांत असलेला फोन जानेवारीनंतर वाजतो आणि ‘31 मार्चच्या आत बिलं द्या’ असा तगादा लागतो. अशा घाईत पैसा शिबिरांवर आणि यंत्रखरेदीवर जातो, कारण तेच चटकन खर्चता येतं.

यावर कायद्यातच तोड आहे आणि ती फार कमी संस्था मागतात. कंपनीच्या मंडळाने तुमचं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर तो सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालवता येतो. उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढे वापरता येते. हे शब्द ठरावात आले की नाही, हे करारावर सही करण्याआधी विचारा. रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल, पण हे सोडू नका.

यंत्र किंवा गाडी मिळत असेल तर ती कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही, सीएसआर क्रमांक असलेल्या तुमच्यासारख्या संस्थेच्या किंवा लाभार्थ्यांच्या वा सार्वजनिक यंत्रणेच्या नावावरच जाते. ऐकायला छान. पण फिरत्या दवाखान्याची गाडी तुमची झाली की तिचा ड्रायव्हर, डिझेल आणि विमाही तुमचाच. दोन वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाची तरतूद नसेल, तर गाडी नम्रपणे नाकारावी.

सरकारी अनुदान: मानधन मान्य, हप्ता बेभरवशाचा

इथे चित्र उलटं आहे. सरकारी योजनेत मनुष्यबळाचा खर्च लपवावा लागत नाही, तो निकषांतच असतो. राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत जोखमीच्या गटांसोबत काम करणाऱ्या संस्थांना, केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या मदतीवर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांना आणि ज्येष्ठांच्या निवासांना किती माणसं आणि त्यांना किती मानधन, हे ठरवूनच दिलेलं असतं. दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठीच्या दीनदयाळ योजनेत मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. उरलेलं संस्थेने घालायचं. मानधनाचे दर मात्र बाजारभावाच्या मागेच राहतात. त्या दरात शिकलेली परिचारिका टिकवणं किती अवघड आहे, हे चालवणाऱ्यांना विचारा.

मुख्य दुखणं हप्त्याचं. मागचा पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशेब, जिल्हा कार्यालयाची तपासणी, राज्याची शिफारस, मग मंत्रालयातली फाईल. यांतली एक कडी अडली की पुढचा हप्ता थांबतो. त्या काळात केंद्रातल्या रुग्णांना घरी पाठवता येत नाही, म्हणजे पगार आणि किराणा चालूच.

मग उसने घ्यावेत? महाराष्ट्रात नोंदवलेल्या सार्वजनिक न्यासाला तेही सहज शक्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. कित्येक ठिकाणी एखादा विश्वस्त खिशातून पैसे घालतो आणि नंतर लेखापरीक्षणात त्यावर शेरा येतो. म्हणून माझा आडाखा असा: सहा महिन्यांचे पगार भागतील एवढी गंगाजळी नसेल, तर सरकारी अनुदानावर निवासी केंद्र सुरू करू नये. बैठकांवर आणि गृहभेटींवर चालणारं काम निदान काही काळ आवरतं घेता येतं, निवासी केंद्र नाही.

जिल्ह्यातल्या पैशाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला-बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा निधी बहुतांशी लाभार्थ्यांना वस्तू किंवा मदत देण्यात जातो, संस्थेच्या पगाराला तो मिळत नाही. तरी त्याचा उपयोग आहे. तुमच्या रुग्णाला चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र तिथून मिळवून दिलं, तर तेवढा देणगीचा पैसा माणसांसाठी मोकळा राहतो. ग्रामसभेत हा खर्च कशावर झाला हे विचारणं हाही आरोग्यसेविकेच्या कामाचाच भाग मानायला हवा. खासदार निधीतूनही टिकाऊ मालमत्ता उभी राहते, रुग्णवाहिका येऊ शकते, पण आवर्ती खर्च भागत नाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणचालकांकडून जिल्ह्यासाठी जमा होणारा, पैसा असतो आणि आरोग्य त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत येतं. तिथे एकट्याने अर्ज घेऊन जाण्यापेक्षा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या योजनेत आपलं काम बसवणं शहाणपणाचं.

गावची देणगी: थोडी, पण आपली

वडिलांच्या पुण्यतिथीला 5 हजार, नातवाच्या बारशाला 1100, गणेश मंडळाने उरलेल्या वर्गणीतून दिलेलं काहीबाही. प्रस्तावांच्या लाखांपुढे हे आकडे किरकोळ वाटतात. पण या पैशाला शीर्षक नसतं. तो पगाराला चालतो, रखडलेल्या हप्त्याच्या काळात चालतो, फुटलेल्या टायरला चालतो. देणारा सहा पानी अहवालही मागत नाही. त्याला फोन हवा असतो, आणि तो संस्था करत नाही, ही खरी तक्रार आहे.

80जी ची पावती हे आजवर मोठं आकर्षण होतं. आता ते फिकं पडलं आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही आणि पगारदार वर्ग मोठ्या संख्येने तिकडे गेला आहे. जुन्या प्रणालीतही 2000 रुपयांवरची रोख देणगी वजावटीला पात्र नाही. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, म्हणजे कलमांचे क्रमांकही बदलले. बोलण्यात मात्र 80जी काही जाणार नाही.) तेव्हा कर वाचतो म्हणून द्या, असं सांगण्यापेक्षा ‘सुनीताताईंचा एका महिन्याचा पगार तुम्ही उचला’ असं सांगणं जास्त लागू पडतं. बारा जणांनी एकेक महिना उचलला की एका आरोग्यसेविकेचं वर्ष निघालं.

दोन सापळे आहेत. दानपेटीतला बिननावाचा पैसा एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांतल्या मोठ्या रकमेच्या पुढे गेला, तर त्यावर 30 टक्के कर बसतो. पूर्णपणे धार्मिक संस्थांना यातून सूट आहे, तुम्हाला नाही. दुसरा परदेशातल्या गाववाल्यांचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. पण तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय त्याचा एक रुपयाही घेता येत नाही. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी नाही. पासपोर्टची प्रत मागायला लाज वाटू देऊ नका.

या रस्त्याची मर्यादाही सांगायला हवी. दारू सोडवणं, मानसिक आजार, लैंगिक आरोग्य या विषयांना गावात देणगी मिळणं कठीण. लोक अन्नदानाला देतात, शाळेला देतात, डोळ्यांच्या शिबिराला देतात. नको असलेल्या विषयांवर काम असेल, तर गावच्या देणगीवर सगळा भार टाकू नये.

मोठे न्यास आणि बाहेरचा पैसा

टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन यांसारखे देशातले न्यास काही वर्षांसाठी, माणसांच्या खर्चासकट पैसा देऊ शकतात. नवीन पद्धत तपासून बघायची असेल तर पहिला प्रयत्न इथेच करावा. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे आशांच्या गृहभेटींमधून ही कल्पना देशभर गेली. इतकी वर्षं नोंदी ठेवत राहण्याचा खर्च मार्चअखेरीच्या सीएसआरमधून निघत नाही.

विदेशी निधीचा विचार छोट्या संस्थेने सध्या बाजूला ठेवावा. नोंदणीसाठी किमान तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला विदेशी निधी पुढे देणंही बंद केलं आहे, त्यामुळे मोठ्या संस्थेच्या आधाराने मिळणारा वाटाही गेला. सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून निधी उभारू देणाऱ्या सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दलही कुणी उत्साहाने सांगेल. वर्षाला 50 लाखांचा खर्च नसेल तर तो विषय तिथेच थांबतो.

मग निवड कशी करायची?

काम मुख्यतः गृहभेटी आणि गटबैठकांचं असेल, तर निम्मे पगार स्थानिक देणगीतून निघतील इथवर आधी पोहोचा, आणि उरलेल्यासाठी जवळच्या मध्यम कंपनीकडून ‘चालू प्रकल्प’ मागा. व्यसनमुक्तीसारखं निवासी केंद्र असेल, तर सरकारी अनुदान टाळता येणार नाही, तेव्हा ते घ्या, पण गंगाजळी उभी राहीपर्यंत खाटा वाढवू नका. फक्त उपकरणं हवी असतील तर सीएसआरसारखा सोपा मार्ग नाही. तिन्ही ठिकाणी एकदम अर्ज टाकण्याचा मोह मात्र आवरा. अर्धवेळ हिशेबनीस तीन वेगवेगळ्या नमुन्यांतले अहवाल देऊ शकत नाही, आणि उशिरा गेलेलं एक उपयोगिता प्रमाणपत्र पुढच्या कित्येक अर्जांना नडतं.

आणि कुठेही जायचं ठरलं तरी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (तिथल्या नोंदवहीतल्या तुमच्या न्यासाच्या व विश्वस्तांच्या नोंदीचा) ताजा उतारा काढून बघा. त्यावर दिवंगत अध्यक्षांचं नाव तसंच असेल आणि विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखलच केला नसेल, तर कंपनीचा वकील तिथेच अडवतो. बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो दाखल करायचा असतो. राहून गेला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह या महिन्यातच दाखल करा, प्रस्ताव त्यानंतर लिहायला घ्या.