इनपुट # की लाइन इनपुट #? बेसिकमधून फाइल वाचताना होणाऱ्या चुकांच्या दृष्टीने तुलना

नाशिकमधील एखाद्या विद्यार्थ्याने बेसिक ही संगणकभाषा शिकताना फाइल वाचण्याच्या सरावासाठी जिल्ह्यातील बाजार समित्यांचे कांद्याचे भाव निवडले, तर त्याची मजकूर-फाइल साधारणपणे ठरलेल्या स्वरूपाची असते. लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाड, सटाणा अशी प्रत्येक बाजाराची एक ओळ, तिच्यात बाजाराचे नाव, क्विंटलमधील आवक आणि सर्वसाधारण दर, आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम. ही फाइल वाचण्यासाठी क्यूबेसिक (मायक्रोसॉफ्टचे डॉसच्या काळातील बेसिक) आणि क्यूबी६४ (त्याच धर्तीचे, आजच्या संगणकांवर चालणारे) या दोन्हींत दोन आज्ञा आहेत. इनपुट # स्वल्पविरामाशी किंवा ओळीच्या शेवटाशी थांबून एकेक नोंद थेट चलात (किंमत साठवणाऱ्या नावाच्या जागेत) भरते, तर लाइन इनपुट # संपूर्ण ओळ, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांसह, एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सलग माळेत, आणून देते. नवशिक्याला प्रथम इनपुट # शिकवली जाते. माझ्या मते हाताने टाइप केलेल्या फाइलसाठी ती चुकीची निवड आहे, आणि त्याचे कारण चूक कोठे घडते व कोठे दिसते यातील अंतरात आहे.

ज्या चुकांचा या निवडीशी संबंध नाही, त्या आधी बाजूला काढणे बरे. त्रुटी क्रमांक ५३, म्हणजे फाइल सापडली नाही, हा संदेश आला की विंडोजमध्ये फाइलनावाचा शेवटचा भाग लपवण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. नोटपॅडमध्ये जतन केलेल्या फाइलला ‘डॉट टीएक्सटी’ दोनदा लागलेले असणे हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. ५४ क्रमांकाचा अर्थ फाइल चुकीच्या पद्धतीने उघडली, आणि ५५ चा अर्थ ती आधीच उघडी आहे, असा होतो. वाचायची फाइल ‘फॉर आउटपुट’ म्हणून उघडली तर मात्र आतला मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, म्हणून मूळ फाइलची प्रत ठेवल्याशिवाय प्रयोग करू नये.

आता मुख्य मुद्दा. समजा लासलगावच्या ओळीत दर लिहिताना विद्यार्थ्याने आपल्या सवयीप्रमाणे हजारानंतर स्वल्पविराम देऊन, इंग्रजी अंकांत, ‘१,८५०’ असे टाइप केले. इनपुट # च्या दृष्टीने त्या ओळीत आता तीनऐवजी चार नोंदी आहेत. दर या चलात केवळ १ येतो आणि उरलेले ८५० पुढच्या फेरीत बाजाराचे नाव म्हणून वाचले जाते. ‘पिंपळगाव’ ही अक्षरे आवक या संख्येच्या चलात जातात, तेथे क्यूबेसिक तक्रार न करता शून्य भरतो, आणि पिंपळगावची आवक दराच्या जागी येऊन बसते. आवकही हजारांतच असल्याने तो दर पाहणाऱ्याला खराही वाटू शकतो. ही सरक शेवटच्या ओळीपर्यंत चालू राहते, अखेरीस एक नोंद सुटी उरते, आणि तिच्या जोडीच्या दोन नोंदी शोधताना फाइल संपल्यामुळे ६२ क्रमांकाची ‘इनपुट पास्ट एंड’ ही त्रुटी येते. विद्यार्थी साहजिकच फाइलची शेवटची ओळ तपासत बसतो, जिच्यात काहीही चुकलेले नसते. याहून वाईट म्हणजे असे तीन स्वल्पविराम निरनिराळ्या ओळींत पडले, तर नोंदींची एकूण संख्या पुन्हा तीनने भागली जाते, त्रुटी येतच नाही, आणि चुकीची सरासरी निमूटपणे छापली जाते.

ओळीत एखादी नोंद राहून गेली तरी हेच घडते, कारण इनपुट # ओळ संपल्यावर न थांबता पुढच्या ओळीतील नोंद उचलते. फाइलच्या शेवटी राहिलेली रिकामी ओळदेखील पुरेशी असते: ‘व्हाइल नॉट ईओएफ’ (फाइल संपेपर्यंत वाचत राहा) ही अट बरोबर लिहिलेली असूनही नावाच्या जागी रिकामी स्ट्रिंग येते आणि आवक वाचताना ६२ क्रमांक उभा राहतो.

लाइन इनपुट # मध्ये चूक त्या ओळीबाहेर जात नाही. ओळींची मोजणी ठेवून स्वल्पविराम दोनच आहेत का हे तपासले, तर कार्यक्रम ओळीचा क्रमांक आणि ती ओळ जशीच्या तशी दाखवून पुढे जाऊ शकतो. रिकामी ओळ रिकामी स्ट्रिंग म्हणून येते आणि एका ‘इफ’ने ओलांडता येते. याची किंमतही आहे. क्यूबेसिकमध्ये स्ट्रिंगचे तुकडे करणारे तयार फंक्शन नाही, त्यामुळे इन्स्टर (स्वल्पविरामाची जागा शोधणारे) आणि मिड$ (मधला भाग काढून देणारे) वापरून तुकडे स्वतः पाडावे लागतात, आणि नवशिक्याच्या नव्या चुका नेमक्या तेथेच होतात. शिवाय तुकड्याची संख्या करणारे व्हॅल हे फंक्शन स्वल्पविरामाशी थांबते, म्हणजे ‘१,८५०’ चे उत्तर येथेही १ च येते; स्वल्पविराम आधी काढून टाकणे भागच आहे. देवनागरी अंकांत लिहिलेला दर तर दोन्ही आज्ञांना संख्या वाटत नाही, आणि पदरी शून्य पडते. फाइलमध्ये अंक इंग्रजीच असावेत, आणि शक्यतो बाजारांची नावेही रोमन लिपीत असावीत, कारण हे जुने बेसिक एकेक बाइट हेच अक्षर मानते आणि यूटीएफ-८ मध्ये (जेथे देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते) जतन केलेल्या ‘कांदा’ या शब्दाची लांबी १५ सांगते.

इनपुट # ची बाजू जेथे खरोखर भक्कम आहे ती ठिकाणे दोन. फाइल आपल्याच कार्यक्रमाने राइट # ने लिहिलेली असेल, तर त्या आज्ञेने स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्हे आणि मध्ये स्वल्पविराम स्वतःच दिलेले असतात, आणि ती वाचायला इनपुट # इतके सरळ दुसरे काही नाही. प्रिंट # ने लिहिलेल्या फाइलला हे लागू पडत नाही, कारण ती नोंदींमध्ये केवळ मोकळ्या जागा सोडते. दुसरे ठिकाण म्हणजे एक्सेलमधून सीएसव्ही (नोंदींमध्ये स्वल्पविराम असलेली मजकूर-फाइल) म्हणून काढलेली फाइल: पत्रकात दर स्वल्पविरामासह दिसत असेल, तर एक्सेल तो अवतरणचिन्हांत ठेवते. इनपुट # ने अशी नोंद स्ट्रिंग चलात घेतली तर आतला स्वल्पविराम तोडला जात नाही, तर लाइन इनपुट # वापरणाऱ्याला अवतरणचिन्हांचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो. मात्र तीच नोंद थेट संख्येच्या चलात घेऊ नये.

म्हणून हाताने टाइप केलेली किंवा दुसऱ्याने पाठवलेली फाइल असेल तर लाइन इनपुट #, आणि आपल्या कार्यक्रमाने लिहिलेली असेल तर इनपुट #, असे ठरवावे. एकाच फाइलवर दोन्ही वापरण्यासही अडचण नाही. सीएसव्हीच्या पहिल्या ओळीत ‘बाजार, आवक, दर’ अशी शीर्षके असतील, तर लूपच्या आधी एकदा लाइन इनपुट # देऊन ती ओळ ओलांडावी आणि पुढील नोंदी इनपुट # ने स्ट्रिंग चलांत वाचाव्यात.