काळ्या मातीतलं तळघर कोरडं करून देणाऱ्या मिस्त्रींबद्दल

आमचं घर हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात. सासऱ्यांनी 1987 साली घर बांधलं तेव्हा खाली 12 बाय 16 फुटांचं तळघर काढलं. दीड फुटी दगडी भिंती, सात फूट जमिनीखाली. उन्हाळ्यात खाली इतका गारवा की दुपारी सगळं घर तिथेच लवंडायचं. तूर, गहू, बियाणं सगळं तिथेच राहायचं. दहा-बारा वर्षांपासून मात्र पश्चिमेच्या भिंतीला ओल धरायला लागली, आणि तीन वर्षांपूर्वी झड लागली तेव्हा खाली घोटाभर पाणी साचलं. भाव वाढेल म्हणून थांबवून ठेवलेले तुरीचे नऊ कट्टे भिजले. वरचे पाच उन्हात वाळवून कसेबसे विकले, खालचे चार कुजून गेले.

तेव्हा शहरातल्या एका वॉटरप्रूफिंगवाल्यांना बोलावलं. त्यांनी आतून भिंत घासली, जाड रंगासारखं काहीतरी दोनदा लावलं, 38 हजार घेतले आणि दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद दिला. दिवाळीच्या साफसफाईला खाली गेले तर भिंतीवर फोड आलेले. एक फोड नखाने दाबला तर आतून पाण्याचा थेंब ओघळला आणि मागे पांढरा लोणा हाताला लागला. फोन केल्यावर कळलं, कागदावर खाली बारीक अक्षरात 'जमिनीतून येणारे पाणी वगळून' असं छापलं होतं. तळघरात पाणी जमिनीतूनच येणार ना! म्हणून सांगते, गॅरंटीचा कागद सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या.

यंदा एप्रिलमध्ये ज्यांनी काम केलं ते समुद्रपूरकडचे मिस्त्री, सोबत चार माणसं. मला त्यांची पहिली गोष्ट आवडली ती ही, की आल्या आल्या ते तळघरात उतरलेच नाहीत. आधी घराभोवती दोन चकरा मारल्या, पन्हाळी पाहिली, मोरीचं पाणी कुठे जातं ते पाहिलं. मग खाली उतरून प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवला. दोन दिवसांनी काढला तर थेंब भिंतीकडच्या बाजूला होते. म्हणजे तो खोलीतल्या हवेचा दमटपणा नव्हता, भिंतीतूनच ओल येत होती. मला म्हणाले, "वहिनी, भिंतीले आतून किती बी रंगवा, पाणी बाहेरून ढकलूनच राह्यलं ना जी. आंधी त्याले जायाले वाट द्या."

पश्चिमेच्या भिंतीला लागून जमिनीला पडलेली भेग त्यांनी दाखवली. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते, हे शेतात आपण रोज पाहतो, पण घराच्या बाबतीत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगेतून सरळ पायापर्यंत जायचं. नंतर माती फुगली की भेग बुजायची आणि खाली गेलेलं पाणी तिथेच कोंडून भिंतीवर दाब द्यायचं. त्यात आमच्या टिनाच्या छपराचा अर्धा उतार त्याच बाजूला. त्यांनी वहीत हिशेब मांडला: सहाशे चौरस फूट छप्पर, एक इंच पाऊस, की जवळजवळ 1,400 लिटर पाणी त्या एका भिंतीच्या मुळाशी. पन्हाळीला पुढे पाइप नव्हता, इतकंच कारण.

पश्चिम आणि उत्तर मिळून 28 फूट लांबीची बाजू खोदली. वरचं जेसीबीने, भिंतीजवळचं हाताने, एका वेळी सहा-सात फुटांचाच तुकडा. पायाच्या तळाखाली सब्बल जाऊ दिली नाही, हे मी स्वतः उभी राहून पाहिलं. पण इथे माझी तक्रारही आहे. पहिल्या दिवशी पोरं सहा फूट खोल चरात फळ्या-बल्ल्यांचा आधार न लावताच उतरली होती. सुकी काळी माती उभी राहते असं वाटतं, पण तिचा भरवसा नाही. मी काम थांबवलं, तेव्हा कुठे आधार लागला. हे त्यांनी सांगायच्या आधी करायला हवं होतं.

दगडांच्या सांध्यांतला जुना भुसभुशीत माल तारेच्या ब्रशने खरवडून काढला, 1:4 च्या मालाने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) दर्जा भरल्या आणि वरून गिलावा केला. मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 200 मिली, मापाच्या झाकणाने मोजून. अंदाजाने ओतलं नाही. सात दिवस पाणी मारलं ते आमच्या घरच्यांनीच. मग सिमेंट-पॉलिमरचे दोन कोट, एक आडवा, एक उभा. तळाशी भोकं पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या अंगाला, भोवती 20 मिलीमीटरची धुतलेली गिट्टी आणि तिच्यावरून जिओटेक्स्टाइल कापडाची गुंडाळी, म्हणजे चिकण माती आत शिरून पाइप बुजायला नको. 28 फुटांत साडेतीन इंच उतार, शेवटी सिमेंटच्या रिंगांचा खड्डा आणि त्यात अर्ध्या एचपीची फ्लोटवाली, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारी मोटर.

चर परत बुजवताना खोदलेली काळी माती त्यांनी वापरली नाही, मुरूम आणला. नऊ-नऊ इंचाचे थर देऊन धुमसला. मला आधी तो फालतू खर्च वाटला, पण काळी माती परत टाकली असती तर पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग पुन्हा पडली असती. वर तीन फूट रुंद कोबा, उतार बाहेरच्या बाजूला. पन्हाळीचं पाणी पाइपाने अंगणापलीकडे नालीत.

सगळा खर्च 1 लाख 52 हजार, त्यात मजुरी 58 हजार. ठरलेल्या वेळेपेक्षा बारा दिवस उशीर झाला, मधे दोन लग्नांमुळे माणसं गायब होती. पाऊस जवळ आला तशी माझ्या जिवाची घालमेल झाली ती मी विसरणार नाही.

जुलैत सहा दिवस झड होती. रोज रात्री कंदील घेऊन खाली जायची. पश्चिमेची भिंत कोरडी. चौथ्या दिवशी वीज गेली, मोटर बंद पडली, खड्डा काठोकाठ भरला. आम्ही बादल्यांनी उपसला. त्यानंतर मोटर इन्व्हर्टरवर घेतली. ज्यांच्या गावात वीज जाते त्यांनी हे पहिल्या दिवशीच करून घ्या.

पायऱ्यांच्या बाजूच्या पूर्व कोपऱ्यात हातभर जागा अजून ओलसर आहे. ती बाजू खोदलीच नव्हती, पैसे कमी पडले. मिस्त्री पोळ्याला येऊन पाहून गेले, दसऱ्यानंतर तेवढा चर खोदू म्हणाले, फक्त मजुरी घेणार. आठ हजार मी त्या कामापर्यंत थांबवलेत, त्यांनी कुरकुर केली नाही. तोवर तुरीचे कट्टे लाकडी फळ्यांवर ठेवलेत, पूर्वेच्या भिंतीपासून दोन हात लांब.