पणजीतला कन्फ्यूशियस वाचनवर्ग, चार रविवार, माझा अनुभव

फोंड्याहून चार रविवार कदंबा बसने पणजीला जाऊन चीनचा जुना विचारवंत कन्फ्यूशियस याच्यावरचा हा वर्ग केला. फी बाराशे रुपये, चहा धरून. मी आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेते, मुलं पाठ करतात आणि आठ दिवसांत विसरतात, म्हणून गेले. तत्त्वज्ञान वगैरे आधी काही वाचलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर कन्फ्यूशियसचं एकच वचन लिहिलं, की चौकोनाचा एक कोपरा दाखवल्यावर जो बाकीचे तीन शोधून आणत नाही त्याला मी तोच धडा पुन्हा देत नाही. आणि खरंच पुढे काही समजावलं नाही, आम्हालाच बोलायला लावलं. सुरुवातीला सगळे गप्प, मग एक रिटायर्ड हेडमास्तर बोलले, मग मी, आणि दोन तास कसे गेले कळलंच नाही. शिकून विचार केला नाही तर वाया, नुसता विचार करून शिकला नाही तर धोका, हेही त्याचंच. माणूस इसवी सनापूर्वी ५५१ चा, आणि मला वाटलं काल आमच्या स्टाफरूममध्ये बसला होता.

दुसरा रविवार सगळ्यात भारी. त्याच्या वचनांचं, असं प्रश्न विचारायला लावणारं पुस्तक पाठांतराचं पुस्तक झालं कसं? तर बाराव्या शतकात चू शी नावाच्या विद्वानाने हे पुस्तक धरून चार ग्रंथ एकत्र केले, त्यावर भाष्य लिहिलं, आणि १३१३ साली चीनच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेला तेच चार ग्रंथ आणि त्याचंच भाष्य लागू झालं, ते थेट १९०५ ला परीक्षा बंद होईपर्यंत. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात वीस हजारांहून जास्त खोल्या होत्या, माणूस जेमतेम बसेल एवढ्या, जेवण अंथरूण घेऊन आत जायचं आणि रात्रीही तिथेच काढायच्या. नंतर तर निबंधाचे आठ भागसुद्धा ठरलेले. म्हणजे नोकरी ज्या उत्तराला मिळते तेच उत्तर पोरं पाठ करणार, यात ग्रंथाचा काय दोष. इंग्लंडमध्ये भरती परीक्षेची चर्चा चालली होती तेव्हा चीनचं उदाहरण दिलं जायचं, आणि १८५५ पासून आयसीएसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली. घरात यूपीएससीवाला भाचा आहे त्यामुळे हे ऐकताना मी पेन खाली ठेवलंच नाही.

आणि गोव्याचा भाग! चीनला गेलेला जेझुइट पाद्री मातेओ रिची १५७८ ला आधी इथे गोव्यात आला होता, आणि कन्फ्यूशियस परंपरेतल्या 'चुंगयुंग' या ग्रंथाचा इंतोर्चेत्ता या दुसऱ्या जेझुइटाने केलेला लॅटिन अनुवाद १६६७ ला ग्वांगझूत छापायला घेतला तो १६६९ ला गोव्यात पुरा झाला. जुन्या गोव्याला लहानपणापासून जातेय, फेस्ताला, पाहुणे घेऊन, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आता कमी पडलं ते. झेरॉक्स इतक्या फिकट की चष्मा लावूनही वाचता येत नव्हत्या. तिसरा रविवार चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला आणि कोरिया, व्हिएतनाममध्ये हा विचार कसा रुजला ते घाईत उरकलं. आणि ज्या माणसाने शिक्षणात भेदभाव नको म्हटलं त्याच्या नावाच्या परीक्षेला बायकांना बसताच येत नव्हतं, हे मी शेवटच्या दिवशी विचारलं तर जेमतेम दहा मिनिटं मिळाली. सरांनी टाळलं नाही, चूक होती ते सरळ मान्य केलं, पण एवढ्या मोठ्या गोष्टीला दहा मिनिटं फार कमी.

घरी येऊन आठवीच्या पोरांना त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० एवढंच सांगितलं आणि थांबले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने चौकोनात कर्ण काढून ३६० दाखवले, कोणी न सांगता. बाराशे रुपये तिथेच वसूल झाले माझे.

पुढची बॅच गणेश चवथीनंतर आहे म्हणाले. जाणार असाल तर वही मोठी न्या, आणि बायकांचा प्रश्न पहिल्याच रविवारी विचारा.