बॅग उघडू नका म्हणाले, तेव्हाच उघडायला हवी होती

८३,१०० रुपये. हे माझे एकटीचे. माझ्या शब्दावर आलेल्या दोघी मैत्रिणींचे प्रत्येकी ७०,५००. आफ्रिकेत शिकवायला नेतो म्हणणाऱ्या एका बोगस संस्थेत तिघींचे मिळून २,२४,१०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सहा महिने मी तो माहेरच्यांपासून, विहिणीपासून, शेजारणीपासून लपवत आले. आपण लाजेनं गप्प बसतो म्हणून ही माणसं पुढच्या गावात पुन्हा हॉल घेतात.

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होते. ३१ मे २०२४ ला निवृत्त झाले. मुलं पुण्याला, घरात आम्ही दोघं. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात आली, आफ्रिकेतल्या शाळेत तीन महिने स्वयंसेवक म्हणून शिकवायला चला, खास महिलांसाठी तुकडी. नोव्हेंबरात लातूरच्या एका मंगल कार्यालयात सभा झाली. चाळीसेक बाया असतील. खादीची साडी नेसलेल्या एक मॅडम दोन तास बोलल्या. टांझानियातलं मोशी गाव, किलिमांजारोच्या पायथ्याशी, तिथल्या लेकरांना गणित आणि शिवणकाम शिकवायचं. राहणं-खाणं तिकडची संस्था बघणार. नोंदणी ५,००० रुपये, आल्यावर परत. हे घरी मला म्हणाले, "फुकट शिकवायला जायचं आणि वर पैसे भरायचे, हा कुठला व्यवहार?" मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. आज ते त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त लागतं.

मी भोळी आहे म्हणून फसले असं कुणी म्हणू नये. बत्तीस वर्षं शाळा चालवली, पोषण आहाराचे हिशेब ठेवले, एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. मी फसले ते मॅडमच्या एका वाक्याला. त्या म्हणाल्या, "बाहेरून मदतीला येणारी माणसं चुकीचे कपडे, चुकीचं सामान घेऊन येतात आणि तिथल्या लोकांना त्याचाच ताप होतो." हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. नंतरचे कितीतरी दिवस आम्ही शिक्षक मदत वाटपाला होतो. ट्रकच्या ट्रक कपडे यायचे. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर कोट, फ्रॉक, पँटींचे ढीग. पावसात भिजून ते ढीग कुजले, जनावरंसुद्धा हुंगून पुढं जायची. तेव्हा मनाशी ठरवलं होतं, आपण कधी कुणाच्या मदतीला गेलो तर असं जायचं नाही. मॅडमनी बरोबर त्या जखमेवर बोट ठेवलं आणि पुढच्या वाक्याला सांगितलं की म्हणूनच आमची संस्था 'महिला प्रवास किट' देते. तिथल्या चालीरीतींना शोभेल असा पेहराव, डास पळवणारं कापड, औषधं, सगळं एका बॅगेत. सक्तीचं. ३८,५०० रुपये.

खरी संस्था सहसा स्वयंसेवकाला कपडे विकत नाही. यादी देते. यादी फुकट असते.

डिसेंबरात किटचे ३८,५०० आणि 'व्हिसा व विमा' म्हणून २७,००० भरले, दोन्ही वेळा यूपीआयवरून, एका माणसाच्या चालू खात्यावर. खातं संस्थेच्या नावाचं का नाही, हे मी विचारलं होतं. "ऑडिट चालू आहे बाई, आठवडाभरात बदलेल." पावती छापील, शिक्का गोल, वर जीएसटी नंबर. नंतर मोजला तर तेराच अक्षरं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, हे दुकान चालवणाऱ्या माझ्या भाच्यानं एका नजरेत ओळखलं. मी त्याला विचारलं मार्चमध्ये. डिसेंबरात विचारलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. फेब्रुवारीत फोन आला की टांझानियानं वर्क परमिटचा नियम बदलला, आणखी १२,६०० लागतील. मैत्रिणी थांबल्या. मी भरले. सगळ्यांत आधी उत्साह माझा होता, मग मीच मागे कशी हटणार?

आता तो दिवस. जानेवारीचा शेवटचा आठवडा, त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस, आम्ही तिघी किट घ्यायला गेलेल्या. तीन निळ्या ट्रॉली बॅगा भिंतीला लावून ठेवलेल्या, प्रत्येकीला आडवी-उभी चिकटपट्टी आणि लाल अक्षरात 'सीलबंद'. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "विमानतळापर्यंत उघडायच्या नाहीत हं. तिकडं कस्टमला सील तुटलेलं चालत नाही." माझ्या बॅगेची चेन एका कोपऱ्यात उसवली होती. मी बोट घातलं, कुर्त्याची कॉलर हाताला लागली. ती जरा बाहेर ओढली. कॉलरच्या लेबलवर संस्थेच्या नावाचं स्टिकर होतं आणि त्याच्याखाली आणखी एक स्टिकर. नखानं कोपरा उचलला. ३९९. एवढंच दिसलं, तीनशे नव्याण्णव. पोरीनं माझ्या हातातून कॉलर काढून घेतली, आत सारली आणि त्यावर चिकटपट्टी मारली. "बाई, सील तुटलं तर जबाबदारी तुमची." आणि मी तिला सॉरी म्हणाले.

मी तिला सॉरी म्हणाले. हे आठवलं की रात्री उठून बसते. वर्गात पोरानं वहीचं पान हातानं झाकलं की मला लगेच कळायचं की काहीतरी लपवलंय. इथं माझ्या डोळ्यांदेखत पोरगी पट्टी मारतेय, आणि मी गप्प. विकत घेतलेली वस्तू तुम्हाला उघडून बघू देत नाहीत, तर ती तिथल्या तिथं उघडा. भांडा. ओरडा. चार माणसं जमू द्या.

जायची तारीख १५ मार्च होती. ३ मार्चला सगळे फोन बंद. ऑफिसला कुलूप, घरमालक म्हणाला दोन महिन्यांचं भाडं त्याचंही बुडालं. त्या रात्री विळीवर चिकटपट्टी कापून बॅग उघडली. 'डास पळवणारं कापड' म्हणजे साधे चार कुर्ते. धुतले तर पाणी निळं झालं. एक जाड हिवाळी जॅकेट. मोशीला मार्च ते मे मोठ्या पावसाचे दिवस, आणि किटमध्ये ना छत्री ना रेनकोट. लष्करी छापाची पँट आणि टोपी, जी टांझानियात साध्या नागरिकानं घालणं गुन्हा आहे. म्हणजे खरंच गेले असते तर विमानतळावर अटक व्हायची ती माझी. प्रत्येक कपडा प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत, आणि त्या देशात १ जून २०१९ पासून कॅरीबॅगांवर बंदी आहे, प्रवाशांनासुद्धा. चार्जरचा अ‍ॅडॉप्टर गोल दोन पिनांचा, तिकडं ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची सॉकेटं. जॅकेट गडद निळं, कुर्ते गडद निळे. सुट्टीत अभयारण्य दाखवणार म्हणाले होते. तिथं त्सेत्से नावाची रक्त पिणारी माशी असते आणि तिला नेमका गडद निळा आणि काळा रंग ओढतो, तिला पकडायचे सापळेच त्या रंगांच्या कापडाचे करतात. औषधांच्या पाकिटावरची मुदत खरवडून काढलेली. सॅनिटरी पॅडची सहा पाकिटं. माझं वय अठ्ठावन्न. फॉर्मवर जन्मतारीख लिहून घेतली होती, वाचली कुणी?

दुसऱ्या दिवशी लातूरच्या गंजगोलाई बाजारात गेले आणि दुकानादुकानांतून एकेका वस्तूचा भाव लिहून घेतला. कुर्ता तोच, शिलाई तीच, ३९९. बॅग १,८००. जॅकेट ६५०. मच्छरदाणी २८०. सगळं मिळून ५,५१६ रुपये.

आणि खरं लागतं काय? गुडघ्याखाली येणारे सैल सुती कपडे, खांदे झाकलेले, एक ओढणी, मळखाऊ फिके रंग, बंद बूट, एक छत्री, बॅटरी. आपल्या कपाटातले पंजाबी ड्रेस तिथं जसेच्या तसे चालतात. तिकडच्या बायका कांगा नावाचं छापील सुती कापड गुंडाळतात, ते तिथल्या बाजारात मिळतं, घ्यायचं तर तिथल्या बाईकडून घ्यावं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. हे सगळं मला मोशीच्या एका शाळेनं कळवलं, ज्या शाळेचा फोटो मॅडमनी पडद्यावर दाखवला होता. मी मार्चमध्ये त्यांना ईमेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांनी या संस्थेचं नावही ऐकलं नव्हतं. टांझानियात स्वयंसेवकाला साध्या टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, 'क वर्ग' निवास परवाना लागतो आणि तो बोलावणारी संस्था काढून देते, हेही त्यांनीच सांगितलं. पैसे भरायच्या आधी एक ईमेल करा. जिथं जायचंय तिथंच करा.

पोलीस ठाण्यात ५ मार्चला गेलो, तिघी. ठाणे अंमलदार म्हणाले, "सामान मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? ही दिवाणी बाब आहे." व्हिसाचं, विम्याचं काय, विचारलं तर म्हणे लेखी अर्ज द्या. अर्ज दिला, पोच मागितली, पोच दिली नाही. १२ तारखेला गेलो, साहेब होळीच्या बंदोबस्ताला. २० ला गेलो, साहेब रजेवर, आणि एक हवालदार सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बाई, या वयात आफ्रिकेला कशाला? इथल्या शाळा ओस पडल्यात की." माझ्या शाळेत शिकून गेलेल्या वयाचा पोरगा होता तो. बसायला बाक रिकामा होता, बसा म्हणाला नाही. चोर सापडत नाही ते ठीक, पण चोरी झालेल्या बाईची चौकशी कशाला चालवलीय तुम्ही?

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार घेतली, नंबर दिला, पण शेवटचा हप्ता जाऊन पंधरा दिवस झाले होते, पहिले तर तीन महिन्यांपूर्वीचे. खात्यात काही उरलं नव्हतं. या नंबरला जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त, उशीर झाला की बहुधा फक्त कागद होतो. बँकेत गेले. मॅनेजरनं मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. हो, मीच टाकलाय. म्हणून त्या खात्याचा मालक कोण हे पोलिसांना कळवायचंही तुमचं काम नाही का? तुम्ही पोलिसांकडे पाठवता, पोलीस सायबरकडे, सायबरवाले म्हणतात आधी ठाण्यात एफआयआर करा. मी शहरात रिक्षाला जेवढे पैसे घातले तेवढ्यात दोन कुर्ते आले असते.

एफआयआर घेतला जात नसेल तर तोंडी भांडत बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. मी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून. त्यानंतर कुठं ठाण्यातून फोन आला आणि जबाब घेतला. म्हणजे घेता येत होता! तीन वेळा आम्हाला उन्हात परत पाठवलं तेव्हाही घेता येत होता.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही. संस्थेच्या पत्त्यावर गेलेली पहिली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' शेरा मारून परत आली. आता मंगल कार्यालयाच्या बुकिंगच्या कागदावरून मॅडमचा दुसरा पत्ता शोधलाय. तो कागदही मीच मिळवला, पोलिसांनी नाही.

त्या सभेला आलेल्या बायांपैकी आणखी कुणी पैसे भरले असतील तर वेगळी तक्रार द्या. चिकटपट्टी, स्टिकर, पावती, काहीही फेकू नका. कुर्ता धुऊ नका, मी धुतला ती चूक केली.

दोघी मैत्रिणींचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून दरमहा तीन-तीन हजार देतेय. एकीनं घेतले. तिच्या लेकीचं लग्न आहे, तिला गरज आहे. दुसरी, अक्का, दोन्ही वेळा पाकीट परत घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून गेली. पुढच्या एक तारखेला मी पुन्हा नेऊन देणार आहे.