जबड्याची सर्जरी: प्लास्टर मॉडेलवरचं प्लॅनिंग की डिजिटल?

ऑपरेशनने जबडा सरळ करायचं ठरलं आणि त्याआधीचं ब्रेसेसचं काम संपत आलं, की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या क्लिनिकमध्ये प्रश्न येतो: डिजिटल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं, प्लॅनिंग करायचं का? खर्च वाढतो, म्हणून घरात चर्चा सुरू होते.

स्प्लिंट बहुतेक वेळा दोन्ही पद्धतींत लागतंच. ही अ‍ॅक्रिलिकची पातळ पट्टी, वरच्या-खालच्या दातांचे ठसे असलेली. कापून मोकळा केलेला जबडा तिच्यात बसवून तारांनी बांधतात, मग प्लेट-स्क्रू. दोन्ही जबडे हलवायचे असतील तर सहसा दोन स्प्लिंट: एक मधल्या टप्प्याचं, म्हणजे पहिला जबडा हलवल्यावरचं, आणि एक शेवटच्या चाव्याचं, म्हणजे वरचे-खालचे दात अखेर जसे जुळायला हवेत तसं.

जुन्या पद्धतीत दातांची मापं घेऊन प्लास्टरची मॉडेल्स आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या उघडझाप करणाऱ्या साच्यावर, चढवतात, त्यांवर पेन्सिलीने रेघा आखतात, करवतीने कापून नव्या जागी मेणाने चिकटवतात. हात बसलेला असेल तर काम चोख होतं. एकच जबडा मागे-पुढे करायचाय, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे? मग जास्तीचे पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

हनुवटी एका बाजूला गेलेली, चावा तिरपा, दोन्ही जबडे फिरवायचे, तिथे मात्र प्लास्टर अपुरं पडतं. त्यात दात दिसतात, हाड दिसत नाही. डिजिटलमध्ये सीटीवर दातांचं वेगळं स्कॅन बसवतात, कारण ब्रेसेसच्या धातूमुळे सीटीत दात नीट उमटत नाहीत. मग जबडा फिरवल्यावर हाड कुठे अडेल, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस कापाच्या किती जवळ येते, हे आधीच कळतं. स्प्लिंट थ्रीडी प्रिंटरवर निघतं. अशा केसमध्ये खर्च सार्थकी लागतो. रुग्णाच्या मापाच्या टायटॅनियम प्लेट्स आणि कटिंग गाइड (हाड कुठे कापायचं ते दाखवणारे साचे) घेतले तर मधलं स्प्लिंटही टळू शकतं, पण ते आणखी महाग, आणि ऐनवेळी बेत बदलणं कठीण.

चाव्याची नोंद, म्हणजे वरचे-खालचे दात कसे जुळतात त्याचं माप, घेताना खालचा जबडा पुढे सरकलेला असेल, तर कॉम्प्युटरही चुकीचंच स्प्लिंट देतो, तेही अगदी नेटकं. म्हणून नोंद कोण घेणार, सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (ब्रेसेस लावणारे डॉक्टर) दोघं मिळून प्लॅन पाहणार का, स्प्लिंट आधी दातांवर बसवून बघणार का, हे विचारा. शंका असेल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय डेंटल कॉलेजात दुसरं मत घ्या.

गोंदिया-चंद्रपूरहून येणाऱ्यांनी फेरी वाचवायला जुनं स्कॅन चालवून घेऊ नये. तोवर दात सरकले, तर स्प्लिंट ऑपरेशनच्या टेबलावर बसतच नाही.