नाव हेवी, हाती मीडियम : पाणगवतातल्या बाससाठी रॉड-रील घेताना होणारी फसवणूक

मासेमारीच्या रॉड-रीलच्या एका संचाच्या खोक्यावर छापलं होतं ते असं. रॉड ७ फूट ६ इंच, पॉवर (म्हणजे ताकद) हेवी, ॲक्शन फास्ट (म्हणजे टोकाकडेच वाकणारा), शंभर टक्के कार्बन. रील बेटकास्टिंग (रॉडच्या वर बसणारा, लाइन गुंडाळायची स्पूल आडवी असलेला), गिअर रेशो ८.१:१ (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या ८.१ फेऱ्या), ड्रॅग (ताण वाढला की लाइन सोडणारा ब्रेक) १० किलो, बेअरिंग १८+१, फ्रेम ॲल्युमिनियमची. सोबत ६५ पाउंड पेलणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, आणि दीड औंसाची तीन टंगस्टन वजनं. दाट पाणगवतात बास हा मासा धरायला जे लागतं ते सगळं एका खोक्यात. काट्यावर, टेपवर आणि पाण्याच्या मापात तपासल्यावर यातली एकच गोष्ट खरी निघाली : रॉडची लांबी.

असे संच ऑनलाइन खपतात ते वेगवेगळ्या नावांनी, पण बनवण्याची रीत एकच. म्हणून कोणी विकलं हे बाजूला ठेवून कुठे कुठे गंडवतात आणि ते पकडायचं कसं, एवढंच इथे सांगतो.

मोकळ्या पाण्यात हाच संच दोन-तीन वर्षं निमूट चालला असता. तिथे मासा पळतो, ड्रॅग लाइन सोडतो, मासा दमतो, काम होतं. पाणगवतात तसं नाही. हायड्रिला किंवा मिलफॉइलची पृष्ठभागावर गादी झालेली असते, नाहीतर कमळपानांचे देठ दोरखंडासारखे उभे असतात. बास फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं आमिष, गिळतो आणि डोकं खाली करून थेट मुळांकडे जातो. पहिल्या दोन सेकंदांत त्याचं डोकं वर वळलं नाही, तर लाइनला चार वेढे पडतात. मग मासा दीड किलोचा असला तरी ओढायचा असतो तो त्याच्याभोवतीचा ओल्या गवताचा भारा. म्हणून इथे ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळतात, ब्रेड ५० ते ६५ पाउंडांची घेतात, जाड गादीत तर ८० पाउंडांचीही, आणि रॉडचा खालचा अर्धा भाग सहजासहजी वाकता कामा नये. खोटा आकडा इथे पहिल्याच माशाला उघडा पडतो.

सुरुवात ड्रॅगपासून, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच असते. रील रॉडवरून काढा, टेबलाला घट्ट बांधा, स्पूल लाइनने पूर्ण भरलेली ठेवा. स्टार, म्हणजे हँडलजवळची ड्रॅग आवळायची चकती, शेवटपर्यंत आवळा. लाइनच्या टोकाला सामान तोलायचा हुकवाला काटा बांधून सरळ रेषेत, हळूहळू ओढा. ब्रेड हाताला गुंडाळू नका, बोट कापेल, काठीला गुंडाळा. या रीलची लाइन ३.६ किलोवर सुटायला लागली. छापलेले होते १०.

पण एवढ्यावर विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. लाइन तीन कारणांनी सुटू शकते आणि तिन्ही वेगळी आहेत. स्पूलच्या कडेवर मार्करने एक ठिपका द्या आणि पुन्हा ओढा. ठिपका फिरला, हँडल जागेवर राहिलं, तर ड्रॅग घसरतोय. ठिपका जागेवर आणि लाइन मात्र येतेय, तर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचे सगळेच वेढे घसरताहेत. त्यात रीलचा दोष नाही, खाली मोनोचे, म्हणजे नायलॉनच्या एकेरी तंतूच्या लाइनचे, दहा-बारा वेढे घेतले की थांबतं. आणि हँडलच उलटं फिरलं, तर आतला एकदिश रोलर बेअरिंग सुटतोय, म्हणजे झटका मारल्यावर गळ माशाच्या जबड्यात घुसण्याऐवजी मूठ तुमच्या बोटांवर आपटणार. या रीलमध्ये पहिलं आणि तिसरं दोन्ही होतं. ठिपक्याचा व्हिडिओ काढून ठेवलेला बरा, कारण विक्रेत्याचं पहिलं उत्तर ‘तुमची ब्रेड घसरते आहे’ हेच असतं, आणि ते अधूनमधून खरंही असतं.

आकडा फुगवायची आणखी एक युक्ती आहे. ड्रॅगची पकड तीच राहते, पण स्पूल रिकामी होत गेली की लाइनचा वेढा लहान होतो आणि ओढ जास्त लागते. भरलेला व्यास ३४ मिमी आणि रिकामा २४ धरला तर फरक जवळजवळ १.४ पट. रिकाम्या स्पूलवरचा आकडा खोक्यावर छापला की झालं. गवतात मासा जवळच लागतो, स्पूल भरलेलीच असते. तेव्हा भरलेल्या स्पूलवरचा आकडा तेवढा खरा धरा.

गिअर रेशो तपासायला काटाही लागत नाही. तोच ठिपका वापरा. हँडल सावकाश दहा वेळा फिरवा आणि ठिपका किती वेळा वर आला ते मोजा. ८.१:१ असेल तर ८१. इथे ६३ भरले, म्हणजे ६.३:१. एकच गिअर घालून वर ६.३, ७.२, ८.१ असे वेगवेगळे छाप मारायचे, हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त प्रकार. टेपनेही कळतं : ३४ मिमी व्यासाच्या भरलेल्या स्पूलवर एका फेरीत ८.१ ला साधारण ८६ सेंटिमीटर लाइन यायला हवी, ६.३ ला ६७ येते. फरक एका वितीचा. फ्रॉगवर मासा उसळल्यावर सैल लाइन गोळा करायला एक क्षण मिळतो, तिथे ही वीत नडते. ६.३ चा रील वाईट असतो असं नाही, बऱ्याच कामांना तो छान चालतो. ८.१ म्हणून विकला, ही लबाडी.

१८+१ बेअरिंग हा आकडा तर डोक्यातूनच काढून टाका. स्पूलच्या दोन बाजू, पिनियन (स्पूल फिरवणारा छोटा गिअर), हँडलचा दांडा, एवढ्या ठिकाणी चांगले बेअरिंग असले तर रील उत्तम चालतो. या रीलमध्ये बॉल बेअरिंग निघाले चार, बाकी प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या. मात्र मोजण्याच्या नादात रील खोलू नका. हाताने निघणारी बाजूची झाकणी काढायला हरकत नाही, पण परतीची मुदत असेपर्यंत गिअरच्या बाजूच्या स्क्रूला हात लावला की ‘तुम्ही खोललात’ म्हणून तक्रारच फेटाळतात. फ्रेमही न खोलता ओळखता येते. काट्यावर ड्रॅग सुटणार नाही इतका ताण ठेवून हँडल फिरवा. ॲल्युमिनियमची ताठ फ्रेम असेल तर जड जाईल, पण गुळगुळीत फिरेल. रंग दिलेली नायलॉनची फ्रेम ताणाखाली पिळवटते, गिअरचे दात नीट जुळत नाहीत, हाताला खरखर लागते. ही खरखर एकदा ओळखीची झाली की विसरत नाही.

आता रॉड. ‘हेवी’ला कुठलंही सर्वमान्य माप नाही, एका कारखान्याचं हेवी ते दुसऱ्याचं मीडियम हेवी. त्यामुळे शब्द वाचू नका, आमिषाच्या वजनाचा पल्ला वाचा. अर्धा ते पाऊण औंसाच्या फ्रॉगसाठी वरची मर्यादा निदान एक औंसाच्या पुढे हवी. गवताची गादी फोडून खाली जायला एक ते दोन औंसाचं वजन लागतं, तेव्हा दोन औंसापर्यंतचा रॉड, आणि तो एका तुकड्यातला. कार्बनचा ताठपणा सांगायला छापलेले ‘टन’चे आणि ‘आयएम’चे आकडेही तसेच. आयएम ६, ७, ८ ही मुळात एका तंतू बनवणाऱ्या कंपनीची मालनावं, दर्जाची पायरी नव्हे. आयएम १२ छापायला कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय फार ताठ कार्बन ठिसूळही असतो, गवतात त्याचा उपयोग कमीच.

या रॉडवर ‘हेवी’चा छाप हाताला किंचित उंच लागत होता. कारखान्यातली अक्षरं पारदर्शक लेपाच्या खाली असतात, नखाला लागत नाहीत. केस वाळवायच्या यंत्राने हलकं गरम केल्यावर पट्टी सोलून आली आणि लेपाखाली मूळ अक्षरं दिसली : मीडियम हेवी, पाव ते पाऊण औंस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वजनानेही तेच सांगितलं. साडेसात फुटी हेवी कार्बन रॉड साधारण दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो. हा २३० भरला, आणि भार सगळा टोकाकडे. आत काचतंतू मिसळल्याची ही खूण.

पट्टी नसली तरी ताकद मोजता येते. मूठ टेबलाला आडवी बांधा, टोकाला पिशवी अडकवा आणि थोडं थोडं पाणी किंवा वाळू घालत जा. टोक पुढच्या मोकळ्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आलं की थांबा आणि पिशवी तोला. तेवढ्याच लांबीच्या, खात्रीच्या हेवी रॉडवर हेच करा. दोन वजनं शेजारी ठेवली की वाद उरत नाही. नुसता टोकाला धरून रॉड वाकवून बघू नका, चांगला रॉडही त्याने मोडतो. गाइडच्या, म्हणजे रॉडवर लाइन ओवायच्या, कड्यांतून कापूस फिरवा, तडा असेल तिथे तंतू अडकतील. तोच तडा ब्रेड कापतो. हेवी रॉडला खालच्या बाजूला दोन पायांचे गाइड हवेत.

ब्रेडचं माप बादलीने. ६५ पाउंड म्हणजे २९.५ किलो. गाठीवर ताण येऊ नये म्हणून लाइनचे सात-आठ वेढे गुळगुळीत पाइपला घ्या, खाली बादली जमिनीपासून चार बोटं वर लटकवा आणि लिटरच्या मापाने पाणी ओता. चांगली ब्रेड छापापेक्षा जास्तच पेलते. ही १७ व्या लिटरला तुटली.

टंगस्टनची वजनं म्हणजे रंगवलेलं शिसं. दीड औंस म्हणजे ४२.५ ग्रॅम. तीन वजनं मापाच्या नळीत सोडली, भोकातली हवा झटकून काढली, तर टंगस्टनला पाणी साधारण ७ मिली चढतं, शिशाला ११ च्या वर. काट्यावर दोन्ही सारखीच, म्हणूनच लोक फसतात. गवताची गादी फोडायला आकार लहान हवा असतो, आणि टंगस्टनला जास्त मोजायचं ते त्यासाठीच. रंगाखालच्या धातूवर नखाने ओरखडा उठला तर नळीचीही गरज नाही.

विक्रेत्यांचा खेळ मुदतीवर चालतो. आधी ‘वापरून बघा’, मग ‘व्हिडिओ पाठवा’, मग ‘दुसऱ्या कोनातून पाठवा’, आणि तोवर परतीचे दिवस संपतात. त्यातच रॉड मोडला तर ‘उंच धरून ओढलात’ हे उत्तर तयार असतं. रॉड डोक्यावर उभा धरून ताण दिला तर टोकाकडचा भाग खरंच मोडतो, त्यामुळे ते खोडताही येत नाही. म्हणून पाण्याला लागण्याआधी मोजा. पैसे देण्याआधी जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, आकड्यांसकट, कारण तक्रारीनंतर ‘८.१’ गुपचूप नाहीसा होतो. खोकं फोडतानाचा व्हिडिओ अखंड ठेवा. काट्याचा आकडा आणि रीलवरचा छाप एकाच चौकटीत आले पाहिजेत. ड्रॅग, रेशो, रॉडचं वजन आणि टंगस्टन, या चार तपासण्या एका दुपारी होतात. तक्रार करताना ‘माल निकृष्ट आहे’ असं लिहू नका, त्यावर चर्चा सुरू होते. ‘छापील ड्रॅग १० किलो, मोजलेला ३.६, छापील रेशो ८.१, मोजलेला ६.३, वर्णनाप्रमाणे माल नाही’ एवढंच लिहा. अर्धे पैसे परत घेऊन माल ठेवून घ्या, असं सांगितलं तर नाही म्हणा. ते स्वीकारलं की पुढची दाद बहुतेक ठिकाणी बंद होते. आणि पैसे दिले असतील त्याच मार्गाने दाद मागा. संकेतस्थळाबाहेर, थेट खात्यावर पैसे पाठवायला सांगणाऱ्याकडून साधा गळही घेऊ नका.