व्हर्च्युअलबॉक्स ७ : पाव्हणा आजारी पडला की आधी यजमानाची नाडी बघा

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही चालतं आणि विंडोजच्या पोटात लिनक्स किंवा जुनं एक्सपी बसवायला पुरेसं आहे. अशा पोटातल्या आभासी मशीनला व्हीएम किंवा पाहुणा (गेस्ट) म्हणायचं, आणि ज्या खऱ्या मशीनवर ते चालतं त्याला यजमान (होस्ट). जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेज लॅबसाठी आणि जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिससाठी आमची शिफारस याचीच. एक गोष्ट मात्र आधी पक्की करून घ्या. ‘व्हीएममध्ये सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही’ अशी तक्रार आली की लोक व्हीएम उडवून नव्याने बनवतात, आयएसओ (इन्स्टॉलेशनची डिस्क फाइल) पुन्हा डाउनलोड करतात, आणि दुखणं तिथल्या तिथे राहतं. कारण बहुतेक वेळा ते पाहुण्याचं नसतंच, यजमानाचं असतं. बायोस (मशीन चालू होताना लागणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर), विंडोजची एखादी सुरक्षा सेटिंग, मदरबोर्डवरचा संपलेला सेल, भरलेला सी ड्राइव्ह. हा रिव्ह्यू त्याच अंगाने लिहिला आहे.

पहिली खूण कासवाची. व्हीएम चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे छोटी चित्रं असतात. त्यात ‘व्ही’ अक्षराच्या चिपऐवजी हिरवं कासव दिसलं, तर तुमचं व्हर्च्युअलबॉक्स प्रोसेसरवर थेट चालत नाहीये, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या व्हीएम चालवणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे हायपर-व्हीच्या, खांद्यावर बसून चालतंय. वीस मिनिटांचं इन्स्टॉलेशन मग दुपार खातं, मध्येच गोठतं, आणि शिव्या लिनक्सला पडतात. हायपर-व्ही आपण मुद्दाम चालू केलेलं नसलं तरी ते चालू असू शकतं. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये कोअर आयसोलेशनखालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ बऱ्याच मशीनवर आधीपासून चालू असते, आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) किंवा डॉकर डेस्कटॉप (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ हे फीचर सोबत येतंच. खात्री करायची तर एमएसइन्फो३२ उघडा आणि तळाशी ‘अ हायपरव्हायझर हॅज बीन डिटेक्टेड’ ही ओळ आहे का ते बघा.

उपाय असा. विंडोज सिक्युरिटीत मेमरी इंटिग्रिटी बंद करा. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींची टिक काढा. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट या कमांडने ‘हायपरव्हायझरलाँचटाइप’ ऑफ करा. यानंतर रीस्टार्टच द्या. शटडाउन करून पुन्हा चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज जुनीच अवस्था उचलतं आणि कासव जागचं हलत नाही. याची किंमतही माहीत असू द्या : डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर बंद पडतील, आणि मेमरी इंटिग्रिटी ही खरी सुरक्षा आहे. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे ती बंद करू नका, व्हीएमसाठी दुसरं मशीन घ्या.

त्याच्याही आधीची पायरी बायोसची. नवीन व्हीएम बनवताना यादीत फक्त ३२ बिटचे पर्याय दिसत असतील किंवा ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस’ असा निरोप येत असेल, तर प्रोसेसर जुना आहे असं समजून नवं मशीन घ्यायला धावू नका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’ पुढे डिसेबल्ड लिहिलेलं असेल. डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून बायोसमध्ये जा. इंटेलवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ असं नाव असतं. चालू करून सेव्ह करा, मशीन पूर्ण बंद करा आणि मगच पुन्हा चालू करा.

यजमानावर व्हर्च्युअलबॉक्स बसवणं सोपं आहे. ७.० पासून त्याला मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल आधी लागतं. ते नसेल तर सेटअप तसं सांगून थांबतो. ६४ बिटचंच टाका.

आता पाहुण्याचं घर. आठ जीबीच्या मशीनवर उबुंटू २४.०४ डेस्कटॉपला ४ जीबी दिले की विंडोजच्या वाट्याला उरलेल्या चारात क्रोमसुद्धा धापा टाकतं. अशा मशीनवर झुबुंटू किंवा उबुंटू सर्व्हर घ्या, २०४८ एमबी आणि दोन कोअर द्या, काम चालतं. सगळे कोअर व्हीएमला देऊन टाकण्याचा मोह आवरा. स्लायडर लाल पट्ट्यात गेला की दोघंही उपाशी. डिस्क २५ जीबीपेक्षा कमी ठेवू नका. ‘डायनॅमिकली अलोकेटेड’ असल्याने ती वापरेल तेवढीच जागा खाते.

व्हर्च्युअलबॉक्स ७ वर आमचा खरा राग आहे तो ‘अनअटेंडेड इन्स्टॉल’ वर. विझार्डमध्ये आयएसओ निवडली की तो सगळं परस्पर उरकायला निघतो. यूझर ‘व्हीबॉक्सयूझर’, पासवर्ड ‘चेंजमी’, आणि उबुंटूत त्या यूझरला सुडोचे (अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे) अधिकारच नसतात. मशीन चालू होतं, डेस्कटॉप दिसतो, सॉफ्टवेअर टाकायची पहिलीच एप्ट कमांड दिली की ‘इज नॉट इन द सुडोअर्स फाइल’. विद्यार्थी इथेच अडकतात. ७.० मध्ये आयएसओखालच्या ‘स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ वर टिक करा आणि इन्स्टॉलेशन हातानेच करा. इन्स्टॉलर ८०० गुणिले ६०० च्या खिडकीत उघडून खालचं ‘नेक्स्ट’ बटण दिसेनासं झालं, तर व्ह्यू मेनूतून व्हर्च्युअल स्क्रीन मोठी करा. पडदा नुसताच काळा राहत असेल तर डिस्प्लेमधलं थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन काढा.

आत सॉफ्टवेअर टाकताना येणाऱ्या अडचणींत घड्याळाची सगळ्यात फसवी. एप्ट म्हणतो ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’, ब्राउझर म्हणतो सर्टिफिकेट चुकीचं, आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन लावतो. आधी तारीख बघा. वेळ बरोब्बर साडेपाच तास पुढे-मागे असेल तर भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांचा घोळ आहे : सिस्टिम, मदरबोर्ड या टॅबमधल्या ‘हार्डवेअर क्लॉक इन यूटीसी’ ला लिनक्ससाठी टिक हवी, विंडोज गेस्टसाठी नको. तारीख काही वर्षं मागे असेल तर होस्टच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. गेस्टमध्ये वेळ हाताने दुरुस्त करून उपयोग नाही, गेस्ट अ‍ॅडिशन्स (पाहुण्याच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) ती पुन्हा होस्टशी जुळवून घेतात. सेल बदला. ‘सेव्ह स्टेट’ करून आठवड्याने उघडलेल्या व्हीएममध्येही घड्याळ थोडा वेळ मागेच असतं. दोन मिनिटं थांबून एप्ट अपडेट द्या.

‘कुड नॉट गेट लॉक’ आला तर लॉक फाइल उडवू नका. नवीन उबुंटू चालू झाल्या झाल्या पाठीमागे स्वतःचे अपडेट घेत असतं. ते संपू द्या. मध्येच लॉक तोडला की डीपीकेजीची (उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाची) नोंदवही अर्धवट राहते आणि मग ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ करत बसावं लागतं.

डिस्कचा किस्सा सर्व्हरवाल्यांसाठी. ४० जीबीची डिस्क दिली आणि तरीही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं, तर उबुंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरने एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) निम्मीच जागा रूटला, म्हणजे मुख्य विभागाला, दिलेली असते. उरलेली व्हॉल्यूम ग्रुपमध्ये पडून असते. एलव्हीएक्स्टेंडला ‘उणे एल, अधिक १०० टक्के फ्री’ देऊन लॉजिकल व्हॉल्यूम वाढवा, मग रीसाइझ२एफएस चालवा. मशीन बंद करायचीही गरज नाही. मूळ डिस्कच लहान पडली असेल तर व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमधून ती वाढवा, पण त्याआधी जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या जतन केलेल्या अवस्था) डिलीट करा. आतलं पार्टिशन वेगळं वाढवावं लागतं, हे विसरलं की डिस्क वाढूनही डीएफ कमांड जुनाच आकडा दाखवते.

मोंगोडीबी हा डेटाबेस म्हणजे खास प्रकरण. इन्स्टॉल नीट होतं, चालू करताच ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन मरतं. ५.० पासून त्याला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (खास सूचनांचा संच) लागतं. कित्येक पेंटियम-सेलेरॉनमध्ये ते नसतंच, आणि असलं तरी कासवाच्या अवस्थेत ते गेस्टपर्यंत पोचत नाही. प्रॉक खालच्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये एव्हीएक्स शोधा. नसेल तर आधी कासव हटवा, मग मोंगोला दोष द्या.

गेस्ट अ‍ॅडिशन्ससाठी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस, बीझिप२ आणि चालू कर्नलचे हेडर हे चार आधी टाका. कर्नल अपडेट झाल्यावर मशीन रीबूट न करताच हेडर मागवले तर जुन्या-नव्याचा मेळ बसत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातलं व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११ टाकून मोकळे व्हा. शेअर्ड फोल्डर दिसतं पण उघडत नाही? यूझरला ‘व्हीबॉक्सएसएफ’ ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या.

लॅबवाल्यांसाठी एक सूचना. तयार व्हीएम तीस मशीनवर नेताना व्हीडीआय फाइल (व्हीएमची डिस्क) नुसती कॉपी करू नका, ओव्हीए (अख्खं व्हीएम एका फाइलमध्ये) एक्स्पोर्ट करून इम्पोर्ट करा. इम्पोर्टमध्ये मॅक अ‍ॅड्रेस नवे घेण्याचा पर्याय असतो. शिवाय मूळ व्हीएममध्ये एक्स्पोर्टआधी ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. नाहीतर ब्रिज्ड नेटवर्कवर (व्हीएम थेट लॅबच्या नेटवर्कला जोडलेलं असताना) उबुंटू सर्व्हरच्या तीस प्रती राउटरकडे एकच ओळख सांगून एकच आयपी मागतात आणि लॅबभर गोंधळ होतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅटने फॉरमॅट करा.

आता जिनिंगचं ऑफिस. भुईकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीवर चालतं, ते मशीन धूळ खाऊन शेवटच्या घटका मोजतंय, आणि कापसाचा हंगाम तोंडावर. इथे व्हर्च्युअलबॉक्स आपली किंमत वसूल करून देतं, म्हणजे फुकट असूनही. एक्सपीला डिस्क साटावर दिली तर निळा पडदा येतो, कारण त्याच्याकडे साटासाठी लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. स्टोरेजमध्ये आयडीई कंट्रोलर घ्या. काट्याच्या इंडिकेटरची नऊ पिनी केबल यूएसबी कन्व्हर्टरने होस्टला जोडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम नंबर बघा, समजा कॉम३. व्हीएमच्या सेटिंगमध्ये सीरियल पोर्ट चालू करून कॉम१ ठेवा, मोड ‘होस्ट डिव्हाइस’, पाथ कॉम३. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर एक्सपीत टाकायची गरजच राहत नाही, त्याला साधा कॉम१ दिसतो. ७.१ पासून बेसिक आणि एक्स्पर्ट असे दोन मोड आहेत. ही सेटिंग दिसत नसेल तर एक्स्पर्टवर जा. होस्टवर दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने कॉम३ धरून ठेवला असेल तर व्हीएम सुरूच होत नाही. आणि वजनाऐवजी चित्रविचित्र चिन्हं उमटली तर बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) इंडिकेटरच्या रेटशी जुळवा.

तारखेचा सापळा इथेही आहे, वेगळ्या रूपात. नवं एक्सपी अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहितं. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत पावत्या गुपचूप चुकीच्या महिन्यात जातात, १३ ला सॉफ्टवेअर बोंब मारतं. रीजनल सेटिंग्ज ‘इंग्लिश (इंडिया)’ करा, पहिली पावती फाडायच्या आधी. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा त्या व्हीएमचं नेटवर्क अ‍ॅडॅप्टर काढूनच टाका.

ऑफिसवाल्यांनी लायसन्सही बघावं. मूळ पॅकेज जीपीएल ३ या मुक्त लायसन्सखाली आहे, धंद्यातही फुकट. एक्स्टेन्शन पॅक हा वेगळा जोडपॅक मात्र फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. यूएसबी २ आणि ३ चा सपोर्ट ७.० पासून मूळ पॅकेजमध्येच आल्याने भुईकाट्याला किंवा ई-टेंडरच्या डिजिटल सिग्नेचर टोकनला पॅकची गरज नाही. टोकन व्हीएमने घेतलं की होस्टला दिसत नाही, तो बिघाड नव्हे.

पर्याय आहेत. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही मोफत आहे. ग्राफिक्सला ते सरस, पण डाउनलोडसाठी व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमचं खातं काढावं लागतं. फक्त लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील तर डब्ल्यूएसएल २ पुरतं, व्हीएमचा संसार कशाला.

राहिला विजेचा प्रश्न. भुसावळजवळच्या दीपनगरला वीज तयार होते म्हणून शेजारच्या तालुक्यात ती जात नाही असं थोडंच आहे. लाइट गेली की व्हीएम ‘अबॉर्टेड’ दाखवतं आणि पुढच्या वेळी लिनक्स इनिट्रामएफएसच्या प्रॉम्प्टवर थांबतं. तिथे त्याने सांगितलेल्या पार्टिशनवर एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून ‘एग्झिट’ द्या, बहुतेक वेळा उठतं. एक्सपीवाल्या आयडीई कंट्रोलरला ‘यूज होस्ट आयओ कॅश’ आपोआप चालू असतं. त्यात होस्टच्या रॅममधला डेटा डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली की पावत्या गेल्या. भुईकाट्याच्या व्हीएमला ती टिक काढा. यूपीएस वाजायला लागला की ‘सेव्ह द मशीन स्टेट’ द्या. त्याला व्हीएमच्या रॅमएवढी जागा डिस्कवर मोकळी लागते, आणि हार्डडिस्क जुनी असेल तर दोन जीबी उतरायला मिनिटभर धरून चला.